‘मुस्तफा’ जाड का दिसत होता : ३८४ × २२४ च्या चित्राचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम महाराष्ट्रातील व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये त्याच्या खऱ्या नावाने क्वचितच ओळखला गेला. निवडता येणाऱ्या चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो याच्या नावावरून तो शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही ‘मुस्तफा’ म्हणूनच चालला. प्रस्तुत प्रकरण या एका गेमचे आणि एका कॅबिनेटचे आहे. सांगली जिल्ह्यात पूर्वी पार्लर चालवणाऱ्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी काका म्हणतो, धंदा बंद करताना तिघांनी एकत्र खेळायचे एक लाकडी कॅबिनेट ठेवून घेतले होते. त्यातील पिक्चर ट्यूब केव्हाच भंगारात गेली होती आणि सर्किट बोर्डही निकामी झाला होता. कॅपकॉमच्या या पिढीतील क्यूसाउंड या ध्वनिप्रणालीच्या बोर्डांमध्ये सांकेतिक स्वरूपातील प्रोग्राम उलगडण्याच्या किल्ल्या एका लहान बॅटरीच्या आधारावर टिकून राहतात. बॅटरी संपली की किल्ल्या पुसल्या जातात आणि बाकीच्या सर्व चिप शाबूत असूनही बोर्ड चालेनासा होतो. असे बोर्ड पुन्हा चालते करण्याच्या पद्धती आहेत, पण काकांच्या बोर्डावर बॅटरी गळून तांब्याच्या वाटाच खाल्ल्या गेल्या होत्या, त्यामुळे दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा लागला.

काकांच्या मुलाने कॅबिनेटमध्ये एक जुना संगणक आणि १९२० × १०८० पिक्सेलचा २४ इंची एलसीडी मॉनिटर बसवला, संगणकावर मेम हे इम्युलेटर (जुन्या बोर्डांची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारा प्रोग्राम) घातले आणि जॉयस्टिक जोडल्या. गेम व्यवस्थित सुरू झाला, आवाजही ओळखीचा आला, पण काकांचे समाधान झाले नाही. “मुस्तफा जाडा झालाय,” अशी त्यांची तक्रार होती. मुलाचे म्हणणे असे की, “पप्पा, रिझोल्यूशन मूळचंच आहे, ३८४ बाय २२४. मी तपासलंय.”

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले. इम्युलेटर आपल्या अंतर्गत स्मृतीत चित्र नेहमी मूळ रिझोल्यूशनमध्येच तयार करतो. तिथे चूक होण्यास फारसा वाव नसतो. चूक होते ती पुढच्या टप्प्यात, म्हणजे ते चित्र कोणत्या आकारात, किती पटीने आणि सेकंदाला किती वेळा पडद्यावर उमटते, या तीन प्रश्नांत. मूळ बोर्डाच्या बाबतीत हे तीनही प्रश्न पिक्चर ट्यूबच सोडवत असे, त्यामुळे पार्लरवाल्याला त्यांचा विचार करण्याची वेळच येत नसे.

बोर्ड काय पाठवत होता

हा गेम कॅपकॉमच्या सीपीएस-१ या प्रणालीच्या शेवटच्या काळातला आहे. या प्रणालीचा पिक्सेल क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे एका सेकंदात ८० लाख पिक्सेलांचा वेळ. एका आडव्या रेघेला एकूण ५१२ पिक्सेलांचा वेळ दिलेला असतो, पण त्यापैकी ३८४ पिक्सेलच दिसतात. उरलेला वेळ ट्यूबमध्ये चित्र रेखाटणारा इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या कडेवरून पुन्हा डाव्या कडेला येण्यासाठी राखलेला असतो. त्याचप्रमाणे एका चित्रात एकूण २६२ रेघा असतात आणि त्यापैकी २२४ दिसतात. यावरून भागाकार करत गेले तर ८०,००,००० भागिले ५१२ म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा, आणि त्याला २६२ ने भागले की सेकंदाला ५९.६३७ चित्रे, हा हिशोब निघतो. हे सर्व आकडे मेमच्या स्वतःच्या यादीत प्रत्येक गेमच्या नोंदीसोबत दिलेले असतात, त्यामुळे इतरत्र वाचलेल्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या दाव्यांवर विसंबून राहण्याची गरज नसते. माझ्या मते असे कोणतेही काम हातात घेताना पहिली पायरी ही यादी उघडून पाहण्याची असावी. बहुतेक जण केवळ रुंदी आणि उंची पाहून थांबतात, आणि रिफ्रेशच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रे याच्या, आकड्याकडे लक्ष देत नाहीत.

३८४ आणि २२४ हे आकडे सहज निवडलेले दिसत नाहीत. सीपीएस-१ मध्ये पार्श्वभूमीचे तीन थर ८, १६ आणि ३२ पिक्सेलांच्या चौकोनी तुकड्यांनी बनतात, आणि ३८४ व २२४ या दोन्ही संख्यांना ३२ ने पूर्ण भाग जातो : आडवे १२ तुकडे, उभे ७. मात्र या आकड्यांवरून चित्राचा आकार ठरवणे ही मोठी गफलत आहे. ३८४ ला २२४ ने भागले तर १.७१४ येते, जे आजच्या १६:९ पडद्याच्या १.७७८ या प्रमाणाच्या इतके जवळ आहे की हा गेम जणू रुंद पडद्यासाठीच काढला होता असा समज सहज व्हावा. प्रत्यक्षात पार्लरमधील ट्यूब ४:३ होती, म्हणजे १.३३३, आणि चित्रकारांनी पात्रे त्याच ट्यूबवर पाहून पसंत केली होती.

जाडीचा उलगडा

३८४ पिक्सेलांची ओळ ४:३ च्या पडद्यात बसवायची असेल तर प्रत्येक पिक्सेल चौकोनी राहू शकत नाही. तो रुंदीला कमी आणि उंचीला जास्त असावा लागतो. हिशोब केल्यावर या पिक्सेलाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण नेमके ७:९ निघते. हे प्रमाण या प्रकरणात पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मुलाने सुरुवातीला चित्र संपूर्ण पडद्यावर ताणले होते, त्यामुळे मुस्तफा मूळच्यापेक्षा एकतृतीयांश रुंद झाला होता. वडिलांची तक्रार ऐकून त्याने ताणणे बंद केले आणि प्रत्येक पिक्सेल दोन्ही दिशांना नेमका चौपट केला, म्हणजे १५३६ × ८९६. ‘पिक्सेल परफेक्ट’ या नावाने ज्याची वाखाणणी होते ती हीच रचना. चित्र एकदम रेखीव दिसते, कुठेही धूसरपणा राहत नाही. पण पिक्सेल चौकोनी केल्यामुळे पात्रे तरीही ९:७ या प्रमाणात, म्हणजे सुमारे २९ टक्के, रुंदच राहिली. काकांना या दोन रचनांमध्ये काडीचाही फरक जाणवला नाही, आणि त्यांचे बरोबर होते, कारण ३३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आलेली जाडी डोळ्यांना सारखीच वाटणार.

येथे एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. पार्लरमधील प्रत्येक ट्यूब काटेकोर ४:३ दाखवत होती असे नाही. मॉनिटरच्या मागे रुंदी आणि उंची कमी-जास्त करण्याच्या सोयी असत आणि मेकॅनिक त्या अंदाजाने फिरवत असे. काकांनी स्वतःही त्या अनेकदा फिरवल्या होत्या. म्हणून ‘अस्सल’ म्हणजे दोन-तीन टक्क्यांपर्यंतचे अचूक प्रमाण असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण २९ टक्के फरक कोणत्याही मेकॅनिकने सोडला नसता.

थरथरीचा उलगडा

आकार सुधारण्याचा सरळ उपाय म्हणजे मेमला ४:३ चे गुणोत्तर राखण्यास सांगणे. ही सोय मेममध्ये मुळातच चालू असते. मुलाने ती हाताने बंद केली होती. ती पुन्हा चालू केल्यावर चित्र १४४० × १०८० या मापात बसले, मुस्तफा सडपातळ झाला, पण तो पुढे चालू लागला की मागची भिंत थरथरू लागली.

याचे कारण असे की १४४० ला ३८४ ने भागले तर ३.७५ येते. एलसीडीच्या पडद्यावर पाऊण पिक्सेल पेटवता येत नाही, त्यामुळे मूळ चित्रातील सलग तीन उभे स्तंभ प्रत्येकी चार पिक्सेल रुंद होतात आणि चौथा स्तंभ तीनच पिक्सेलांचा उरतो. स्थिर चित्रात हे फारसे खटकत नाही, कारण प्रत्येक चौथा स्तंभ किंचित बारीक आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण हा गेम बाजूला सरकत जाणारा आहे. मुस्तफा उजवीकडे चालू लागला की पार्श्वभूमी त्या ठरावीक जागच्या बारीक स्तंभांखालून सरकते, आणि भिंतीवरची प्रत्येक उभी रेघ क्षणात जाड, क्षणात बारीक होत जाते. काकांना दिसलेली थरथर ती हीच. उभ्या दिशेला परिस्थिती याहून वाईट होती, कारण १०८० भागिले २२४ हे ४.८२ येते, पण गेम मुख्यतः आडवा सरकत असल्यामुळे तिकडचा दोष झाकला गेला.

१०८० रेघांच्या पडद्यावर या गेमसाठी निर्दोष उत्तर नाही, हे येथेच मान्य करावे लागते. पाच पटीने मोठे केले तर उंची ११२० होते आणि वरखाली मिळून ४० रेघा कापल्या जातात. गुण आणि उरलेली ताकद दाखवणारी पट्टी वरच्या कडेलाच असल्यामुळे ते परवडत नाही. चौपट उंची आणि तिप्पट रुंदी घेतली, म्हणजे ११५२ × ८९६, तर सर्व पिक्सेल एकसारखे होतात, पण चित्र आवश्यकतेपेक्षा साडेतीन टक्क्यांहून थोडे अधिक अरुंद होते. मेकॅनिकच्या हातच्या फरकाशी तुलना केली तर हे चालण्याजोगे आहे, आणि ज्यांना कडा करकरीत हव्या असतील त्यांनी खुशाल हे माप ठेवावे.

मी सुचवलेला मार्ग थोडा वेगळा होता. उंची नेमकी चौपट, म्हणजे ८९६ ठेवायची. रुंदी मात्र ४:३ च्या हिशोबाने ११९५ च्या आसपास येऊ द्यायची, आणि आडव्या दिशेला पिक्सेलांच्या सीमेवर रंग किंचित मिसळू द्यायचे. मेममध्ये फक्त आडव्या दिशेला अपूर्ण पट चालू देण्याची स्वतंत्र सोय आहे. तिच्या जोडीला चित्र आधी पूर्ण पटीने मोठे करून मग शेवटचा अंश मृदू गाळणीने जुळवला, तर मिसळ केवळ सीमेवरच्या एका पिक्सेलापुरती मर्यादित राहते. या निवडीमागे ट्यूबचा स्वभाव आहे. ट्यूबवर उभ्या दिशेला रेघा सुट्या आणि मोजता येण्याजोग्या असतात, पण आडव्या दिशेला झोत अखंड सरकत असतो आणि त्याची तीव्रता कमी-जास्त होत जाते. तिथे दोन पिक्सेलांमध्ये काटेकोर सीमा कधीच नव्हती. म्हणून आडवा मृदूपणा मूळ चित्राशी सुसंगत ठरतो, आणि उभा मृदूपणा विसंगत.

यात एक तोटा राहिला. २४ इंची रुंद पडद्यावर पूर्ण उंचीचे ४:३ चित्र साडेएकोणीस इंचांच्या आसपास भरते, आणि ८९६ रेघांचे चित्र सोळा इंचांपेक्षा थोडेच मोठे. तीन माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की ते लहान वाटते. काकांनी ते लगेच बोलून दाखवले.

पडद्याच्या आकड्यांचा हा खेळ ३८४० × २१६० च्या मॉनिटरवर मात्र अनपेक्षितपणे सुटतो. २२४ ची नऊपट २०१६ होते आणि ३८४ ची सातपट २६८८. या दोहोंचे प्रमाण नेमके ४:३ आहे, कारण मूळ पिक्सेलाचे प्रमाणच ७:९ होते. म्हणजे प्रत्येक पिक्सेल सात रुंद आणि नऊ उंच असा एकसारखा ठोकळा बनतो, एकही स्तंभ जाड-बारीक होत नाही, कुठेही मिसळ करावी लागत नाही, आणि पडद्याच्या उंचीचा सुमारे ९३ टक्के भाग वापरला जातो. ‘स्ट्रीट फायटर २’सह सीपीएस-१ वरचे ३८४ × २२४ चे सर्व आडवे गेम याच हिशोबात बसतात. ज्याला नवाच मॉनिटर घ्यायचा आहे आणि प्रामुख्याने कॅपकॉमचे गेम खेळायचे आहेत, त्याने दुसरा कोणताही विचार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काकांना मात्र नवा मॉनिटर घ्यायचा नव्हता.

सेकंदाला ५९.६३७

आकार आणि पट जुळल्यावरही सरकत्या चित्रात मधूनच एक बारीक हिसका जाणवत होता. बोर्ड सेकंदाला ५९.६३७ चित्रे देत असे आणि मॉनिटर ६० दाखवत होता, त्यामुळे साधारण पावणेतीन सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसत होते. मेममध्ये गेमची गती मॉनिटरच्या गतीला बांधण्याची सोय आहे. ती चालू केली की हिसका जातो, पण गेम सुमारे ०.६ टक्के वेगाने पळतो आणि संगीताचा सूर तेवढ्याच प्रमाणात चढतो. या एका गेमपुरते ते कोणाच्याही कानाला समजणार नाही. पण हीच सवय सर्व गेमना लावली तर ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेमचा विचका होतो, कारण तो मुळात ५४.७१ चा आहे आणि ६० ला बांधल्यावर जवळजवळ दहा टक्के जलद चालतो.

उलट बाजूने जाणे अधिक चांगले : गेम मॉनिटरला बांधण्याऐवजी मॉनिटरच गेमच्या गतीला आणायचा. १९२० × १०८० च्या नेहमीच्या संकेतात एकूण २२०० × ११२५ पिक्सेलांचा वेळ असतो आणि त्याचा पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ असतो. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्वतःचे रिझोल्यूशन बनवून तो १४७.६ मेगाहर्ट्झ केला की रिफ्रेश ५९.६३६ वर येतो. एवढा किरकोळ फरक बहुतेक एलसीडी मॉनिटर निमूटपणे स्वीकारतात. काकांच्या मॉनिटरनेही स्वीकारला. त्यानंतर गती बांधण्याची सोय चालू केली तरी गेम आपल्या मूळ वेगानेच चालतो आणि हिसकाही राहत नाही. बदलता रिफ्रेश असलेला मॉनिटर असेल तर एवढीही खटपट लागत नाही. अशा मॉनिटरांची किमान मर्यादा बहुधा ४८ च्या आसपास असते आणि वर उल्लेखलेले गेम तिच्या आत सहज बसतात.

येथपर्यंतच्या कामाचा क्रम मी हेतुपुरस्सर असा ठेवला होता. लोक बहुधा शेवटून सुरुवात करतात : आधी पडद्यावर ट्यूबची नक्कल करणारा काळ्या रेघांचा फिल्टर चढवतात, काचेचा फुगवटा आणि चमक आणतात, आणि त्याखालचे चित्र मात्र २९ टक्के जाड किंवा थरथरते तसेच ठेवतात. फिल्टरला माझा विरोध नाही. तो उंचीच्या पूर्ण पटीवरच बसवावा, एवढाच आग्रह आहे, कारण ४.८२ पटीवर काळ्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ पडून संपूर्ण चित्रावर आडवे पट्टे उमटतात. चौपटीवर रेघा समान पडतात पण ठसठशीत दिसतात. नऊपटीवर झोताची कडेकडेने मंदावणारी उजळ रेघ बरीचशी खरी वाटते.

पिक्चर ट्यूबचा मार्ग

काकांच्या घरात माळ्यावर २१ इंची सपाट ट्यूबचा एक चालू टीव्ही होता, आणि त्याच्या मागे डीव्हीडी प्लेअरसाठी दिलेली हिरव्या, निळ्या आणि लाल रंगांची कंपोनंट सॉकेट होती. तो दिसल्यावर संपूर्ण प्रश्नच बदलला.

भारतातील जुने दूरदर्शन प्रसारण पाल पद्धतीचे होते. त्यात एका पूर्ण चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे असतात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. सीपीएस-१ चा बोर्डही नेमक्या १५,६२५ रेघाच देतो. अमेरिकी आणि जपानी टीव्हीचा आकडा १५,७३४ आहे. म्हणजे जपानमध्ये तयार झालेल्या या बोर्डाचा रेघांचा वेग त्याच्या मायदेशातील टीव्हीपेक्षा आपल्याकडील टीव्हीशी अधिक काटेकोर जुळतो. हा योगायोग आहे, कारण ८ मेगाहर्ट्झला ५१२ ने भागल्याचे ते फळ आहे, आणि पार्लरसाठीचे मॉनिटर दोन्ही वेग सहज सांभाळत. तरीही माळ्यावरच्या संचाच्या आडव्या फेऱ्यांना काडीइतकाही ताण पडणार नव्हता, ही माहिती दिलासा देणारी होती. फरक होता तो उभ्या दिशेला : पालमध्ये सेकंदाला ५० क्षेत्रे (अर्धी चित्रे), येथे जवळजवळ ६०. परदेशी डीव्हीडी चालाव्यात म्हणून त्या काळातील बऱ्याच संचांत ६० ची सोय असे, आणि या संचातही ती होती.

आणखी एक बाब समजून घेणे आवश्यक आहे. टीव्हीच्या नेहमीच्या चित्रात रेघांची संख्या अर्ध्यावर संपते, ३१२.५ किंवा २६२.५, आणि त्या अर्ध्या रेघेमुळे एका फेरीतील रेघा दुसऱ्या फेरीतील रेघांच्या मधोमध बसतात. गेमचा बोर्ड पूर्ण २६२ रेघा देतो, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्याच जागी पडते आणि मधल्या जागा कायम काळ्या राहतात. ज्याची नक्कल करण्यासाठी फिल्टर बनवले जातात तो रेघांचा पोत येथे आपोआप, फुकट मिळतो.

संगणकाकडून असा संकेत मिळवणे हे खरे कौशल्याचे काम आहे. आजची ग्राफिक्स कार्डे ८ मेगाहर्ट्झइतका मंद पिक्सेल क्लॉक देण्यास बांधलेली नसतात, आणि कार्ड चालवणारा ड्रायव्हर हा प्रोग्रामही एवढे लहान रिझोल्यूशन नाकारतो. त्यासाठी अॅनालॉग जोडणी असलेले एक जुने रेडिऑन कार्ड घेतले, त्यावर सीआरटी इम्युड्रायव्हर हा बदललेला ड्रायव्हर घातला, आणि मेमऐवजी त्याचीच ट्यूबसाठी बदललेली ग्रूव्हीमेम ही आवृत्ती वापरली, जी प्रत्येक गेमच्या नोंदीवरून आवश्यक तो संकेत स्वतः बनवते. मंद क्लॉकचा प्रश्न रुंदी कृत्रिमरीत्या वाढवून सुटतो : ३८४ च्या जागी दसपट, म्हणजे ३८४० पिक्सेलांची ओळ, एकूण ५१२० चा वेळ आणि ८० मेगाहर्ट्झचा क्लॉक. भागाकार पुन्हा १५,६२५ च येतो. ट्यूबला आडव्या दिशेला पिक्सेल मोजता येत नाहीत, तिला फक्त वेळ कळतो. एकच रंग दहा पिक्सेलांपर्यंत टिकवला काय किंवा एका दहापट लांब पिक्सेलापुरता टिकवला काय, झोताच्या दृष्टीने दोन्ही एकच. उभ्या दिशेला मात्र अशी चलाखी चालत नाही, तिथे २२४ म्हणजे २२४ च.

कार्डाच्या अॅनालॉग, म्हणजे व्हीजीए, जोडणीतला संकेत टीव्हीच्या कंपोनंट सॉकेटमध्ये थेट देता येत नाही, कारण एकीकडे लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळे येतात, तर दुसरीकडे उजळपणा आणि रंगांतील फरक अशी मांडणी अपेक्षित असते. मध्ये एक लहान ट्रान्सकोडर लावून हे काम भागले. त्याच्या बाबतीत एक काळजी घ्यायची असते : तो संकेताची केवळ मांडणी बदलणारा असावा, रिझोल्यूशन बदलणारा नसावा. बाजारात दोन्ही सारख्याच डब्यांत मिळतात, आणि दुसरा घेतला तर आतापर्यंतचा सगळा हिशोब वाया जातो.

संचासमोर पहिले चित्र आले तेव्हा त्याचा आकार कोणतेही बटण न फिरवता जवळजवळ बरोबर होता, आणि त्याचेही कारण आकड्यांतच आहे. दिसणारे ३८४ पिक्सेल ४८ मायक्रोसेकंदांत उमटतात, आणि पालच्या रेघेचा दिसणारा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे रुंदीचा ९२ टक्के भाग भरतो. उंचीला सुमारे २४० पैकी २२४, म्हणजे ९३ टक्के. दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच तूट राहते, आणि टीव्ही आपल्या चित्राच्या कडा चौकटीआड लपवत असल्यामुळे ती तूटही बरीचशी भरून निघते. ४:३ हे प्रमाण कोणी सेटिंगमध्ये लिहिलेले नव्हते. ते वेळेच्या गणितातूनच आले.

दोन धोक्यांची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते. संगणक सुरू होताना पडद्यावर जो पहिला मजकूर येतो तो सेकंदाला सुमारे ३१,५०० रेघांचा असतो, म्हणजे टीव्हीच्या क्षमतेच्या दुप्पट. घरगुती संच बहुधा फाटके चित्र दाखवून वेळ मारून नेतो, पण पार्लरचा उघडा मॉनिटर असेल तर त्याचा आडव्या फेऱ्यांचा भाग जळू शकतो. म्हणून संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच टीव्ही चालू करायचा, हा नियम कॅबिनेटच्या आत कागदावर लिहून चिकटवला. दुसरा धोका काकांच्या एका इच्छेमुळे उद्भवला : टीव्हीचे प्लास्टिकचे आवरण काढून ट्यूब कॅबिनेटमध्ये जुन्या पद्धतीने बसवायची, असे त्यांच्या मनात होते. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब लागतो आणि संच बंद केल्यानंतरही तो ट्यूबमध्ये बराच काळ साठून राहू शकतो. “काका, ते सुताराचं काम नाही,” एवढेच मी म्हणालो. कॅबिनेट मुळात ट्यूबसाठीच बनलेले असल्यामुळे त्याची खोली पुरेशी होती, आणि संच आवरणासकट, फक्त पुढे पुठ्ठ्याची काळी चौकट लावून, आत बसला.

त्याच कॅबिनेटवर इतर गेम

मुलाला साहजिकच आणखी गेम चालवून पाहायचे होते. ‘आर-टाइप’ ने काही अडचण आणली नाही, निदान आडव्या दिशेला; त्याचाही क्लॉक ८ मेगाहर्ट्झ आणि ओळ ५१२ चीच आहे, म्हणजे रेघांचा वेग तोच. मात्र एका चित्रात २८४ रेघा असल्यामुळे तो सेकंदाला ५५.०२ चित्रांवर येतो आणि दिसणाऱ्या रेघा २५६ होतात, त्यामुळे वरखाली थोडे चित्र चौकटीआड जाते. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मध्ये २५४ रेघा दिसतात आणि एकूण २८९ असतात. ५० आणि ६० या दोहोंच्या मधला त्याचा वेग काही संच सहन करतात, काहींवर चित्र फिरू लागते. काकांच्या संचाने तो धरून ठेवला, पण उंची ६० साठी जुळवलेली असल्यामुळे चित्राची खालची कड दिसेनाशी झाली. उंची प्रत्येक गेमसाठी बदलत बसणे हे घरगुती टीव्हीवर व्यवहार्य नाही, आणि मी तसा प्रयत्न न करण्याचा सल्ला दिला.

‘पॅक-मॅन’ चा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. त्याची ट्यूब कॅबिनेटमध्ये उभी बसवलेली असे, म्हणून खेळणाऱ्याला चित्र २२४ रुंद आणि २८८ उंच दिसते. आडव्या ट्यूबवर २८८ रेघा ६० च्या गतीने बसतच नाहीत, कारण सेकंदाला १५,६२५ रेघांच्या हिशोबात एका चित्राला जेमतेम २६० रेघा मिळतात आणि त्यातल्या २४० च्या आसपासच दिसू शकतात. रेघा एकाआड एक फेऱ्यांत वाटून दिल्या तर चित्र लुकलुकते. रेघा गाळल्या तर भिंतींमधले ठिपके गायब होतात. अशा उभ्या गेमांसाठी एलसीडीच बरा. २४ इंची मॉनिटर तर काकांकडे आता रिकामाच होता, आणि तो उभा फिरवण्याजोगा असल्यामुळे मुलाने त्याच्यासाठी भिंतीवर वेगळी फळी ठोकण्याचे ठरवले.

‘मुस्तफा’ साठी शेवटी ठेवलेली रचना अशी आहे : २१ इंची संच, ग्रूव्हीमेम, २२४ रेघा, ५९.६३७ चा रिफ्रेश, एकही फिल्टर नाही. गेमच्या सर्व्हिस मेनूतील पडद्याच्या चाचणीवर काकांनी स्वतः पट्टी धरून रुंदी आणि उंची मोजली, टीव्हीच्या मेनूतून रुंदी किंचित वाढवली, आणि मुलाने दाखवलेला ४:३ चा आकडा आला की नाही हे पाहण्याऐवजी मुस्तफाला दोन पावले चालवून पाहिले.